एक प्रत माझ्याकडे ठेव

मने,

काल रात्री फोनवर तू विचारलंस, "ताई, नव्या कम्प्युटरला एसएसडी टाकू की हार्ड डिस्क? दुकानदार म्हणतोय, तेवढ्याच पैशांत दोन टीबीची हार्ड डिस्क येते." मी म्हटलं, उद्या सांगते. उत्तर तिथल्या तिथं देता आलं असतं. पण तुझ्या प्रश्नाला लागून दुसरा एक प्रश्न होता, तो तू विचारला नाहीस, आणि त्याचं उत्तर देताना मला एक गोष्ट कबूल करायची होती. मागे कुकरच्या शिट्ट्या, छोटीचे पाढे, अशा गडबडीत ती सांगवेना. म्हणून लिहायला बसले. शाळेतून आलीस, हातपाय धुतलेस, चहा घेतलास की निवांत वाच.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ज्या डिस्कवर विंडोज बसणार ती एसएसडीच घे. तिथं घासाघीस नको. दुकानदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. गिऱ्हाईक 'किती टीबी' एवढंच विचारतं, म्हणून तोही तेवढंच सांगतो.

हार्ड डिस्कच्या पोटात तबकड्या फिरत असतात. मिनिटाला ७,२०० फेरे, थोड्या स्वस्तातल्या डिस्कमध्ये ५,४००. त्यांच्यावरून एक बारीक हात सरकतो, नेमक्या जागी जाऊन थांबतो आणि हवी ती माहिती फिरत फिरत आपल्या टोकाखाली येण्याची वाट बघतो. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात होतं, म्हणजे आपल्या दृष्टीनं क्षणातच. पण कम्प्युटर सुरू होताना अशा खेपा हजारोंनी घालाव्या लागतात. आईच्या जुन्या स्वयंपाकघरातला माळा आठव. शिडी लावून वर चढायचं आणि तांदळाचं पिंप उतरवायचं, तर ठीक आहे, एकदाच चढायचंय. पण फोडणीची मोहरी माळ्यावर, जिरं माळ्यावर, हळद माळ्यावर, हिंगाची डबी माळ्यावर, आणि दर वेळी एकच डबा आणायचा, असं असतं तर? तुझा जुना कम्प्युटर सकाळी चालू करून तू आंघोळीला जातेस आणि परत आल्यावरही तो गोल गोल फिरत असतो, त्याचं कारण हेच. विंडोज म्हणजे हजारो बारीक फायलींची फोडणी.

एसएसडीत फिरणारं काही नाही. मिसळणाचा डबा ओट्यावर उघडून ठेवलाय, हात घातला की मिळालं. म्हणून 'किती एमबी प्रति सेकंद' या आकड्यापेक्षाही हा शिडीचा फरक मोठा आहे. चांगली हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, ते काही वाईट नाही. एक मोठा चित्रपट तिच्यावरून छान चालेल. बारीक बारीक कामांत तिचा जीव जातो.

आता एसएसडीत दोन जाती. एक सॅटाची, आपल्या पासबुकाहून लहान, चपटी, दोन वायरी लावायच्या. ती सेकंदाला साधारण साडेपाचशे एमबीला थांबते, कारण सॅटाची वाटच तेवढी रुंद आहे. दुसरी एनव्हीएमई, च्युइंगमच्या पट्टीसारखी, थेट मदरबोर्डच्या खाचेत बसते. तिच्यातली तिसऱ्या पिढीची साडेतीन हजारांपर्यंत जाते, चौथ्या पिढीची सात हजारांपर्यंत. आकडे ऐकून डोळे फिरतात, मला माहीत आहे. पण मी दोन्ही वापरल्यात, म्हणून तुला मनापासून सांगते: हार्ड डिस्कवरून सॅटा एसएसडीवर आलीस की घरात वीज आल्यासारखं वाटेल. सॅटावरून एनव्हीएमईवर गेलीस तर रोजच्या कामात, म्हणजे वर्ड, टॅली, क्रोम, यात तुला फारसं काही जाणवणार नाही.

तरीही नवीन मशीन घेतेच आहेस तर एनव्हीएमई घे. सॅटाच्या आणि तिच्या किमतीत फार अंतर राहिलेलं नाही आणि वायरींचा गुंताही वाचतो. चौथ्या पिढीची बास झाली. पाचव्या पिढीची घेऊ नकोस. ती तापते, तिला वेगळा थंडाव्याचा पत्रा लागतो, आणि तुझ्या कामात तिचा वेग कुठं दिसणारही नाही. तू शाळेसाठी धड्यांचे व्हिडिओ करतेस, तिथं म्हणशील तर वेग लागतो. पण तिथंही एक गोम आहे. साठ जीबीचे व्हिडिओ फोनमधून कम्प्युटरवर घेताना तू जी पांढरी केबल वापरतेस, ती बहुतेक यूएसबी २ची आहे. तिच्यातून सेकंदाला पस्तीस-चाळीस एमबीच्या वर काही येत नाही. म्हणजे अर्धा तास. पलीकडे सात हजारांची एसएसडी असो की साडेपाचशेची, अर्धा तासच. गच्चीवरची टाकी कितीही मोठी बांधली तरी नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली तेवढ्याच वेळात भरणार. फोन यूएसबी ३ देणारा असेल तर चांगली केबल घे आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या निळ्या खाचेत लाव. पुढच्या खाचा पुष्कळदा जुन्या पद्धतीच्याच असतात.

दुकानात एवढं मात्र तपासून घे. त्या पट्टीच्या खाचेला एम.टू म्हणतात आणि सगळे तिथंच फसतात, कारण एम.टू हा आकार झाला, वेग नव्हे. सॅटाची एसएसडीसुद्धा त्याच आकारात मिळते. खोक्यावर 'एनव्हीएमई' हा शब्द आहे ना, आणि तुझ्या मदरबोर्डची खाच एनव्हीएमई घेते ना, दोन्ही बघ. '२२८०' लिहिलेलं असेल, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. घरच्या मशीनला बहुधा हीच बसते. काही मदरबोर्डांवर ती खाच भरली की सॅटाची एक जागा बंद पडते. मग माणूस दुसरी डिस्क लावून ती दिसत का नाही म्हणून दोन दिवस डोकं धरून बसतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं.

दुसरं विचारायचं ते टीएलसी की क्यूएलसी. हे समजून घे, कारण स्वस्त एसएसडी स्वस्त का असते ते इथं कळतं. एसएसडीच्या आत कोट्यवधी कप्पे असतात आणि प्रत्येकात विजेचा थोडा भार साठवलेला असतो. त्या भाराच्या पातळीवरून आकडा वाचायचा. टीएलसीमध्ये एका कप्प्यात आठ पातळ्या ओळखायच्या असतात, क्यूएलसीमध्ये सोळा. एकाच पेल्यावर आठ खुणा केल्या तर दूध किती आहे ते पटकन सांगता येतं. सोळा केल्या तर डोळा बारीक करून बघावं लागतं, ओततानाही हात जपून चालवावा लागतो. म्हणून क्यूएलसीत जागा जास्त मिळते, पण ती लिहायला मंद आणि झिजायला लवकर. वरचा थोडा भाग ती जलद लिहिण्यासाठी राखून ठेवते, त्यामुळे सुरुवातीला काही कळत नाही. डिस्क भरत आली किंवा एकदम पन्नास जीबी ओतलेस, की वेग हार्ड डिस्कच्याही खाली घसरू शकतो. तू टीएलसीच माग. खोक्यावर लिहिलेलं नसेल तर मॉडेलचा नंबर मला पाठव, मी बघून सांगते.

झिजण्याची भीती मात्र मनात घेऊ नकोस. एक टीबीच्या चांगल्या टीएलसी एसएसडीवर कंपनी साधारण ६०० टीबी लिहिण्याची हमी देते. तू रोज तीस जीबी लिहिलेस, आणि ते खूप झालं, तरी पन्नास वर्षं पुरतील. आणि एक टीबीच घे, पाचशे जीबी लगेच भरते. घरी आल्यावर एक टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसले तर दुकानदाराशी भांडू नकोस. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४च्या. जागा तीच आहे. त्यातली पंधरा-वीस टक्के कायम मोकळी ठेव. भरगच्च एसएसडी मंदावते.

एवढं झालं वेगाचं. वेग विकत मिळतो, मने. पैसे मोजले, पट्टी बसवली, काम झालं. तू 'फास्ट आणि सेफ' असं एका दमात म्हणालीस ना, त्यातलं दुसरं कुठल्याच दुकानात मिळत नाही. आता ते सांगते.

आप्पांचे आवाज माझ्याकडे नाहीत.

२०१२च्या हिवाळ्यात मी तो छोटा रेकॉर्डर घेतला होता, आठवतं? रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर आप्पा पडवीत बसून बोलायचे. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायच्या कामावर गेलेली आजी, तिच्या जात्यावरच्या ओव्या, त्यांच्या पहिल्या शाळेतलं पत्र्याचं छप्पर. सगळं मिळून चौदा तास झालं होतं. पुढच्या वर्षी ते गेले. त्यानंतर मला त्या फायलींची इतकी धास्ती वाटायला लागली की मी एक नवी कोरी पोर्टेबल हार्ड डिस्क आणली, कम्प्युटरवरून सगळं कट करून तिच्यावर पेस्ट केलं, रेकॉर्डर पुसला आणि डिस्क कपाटात साड्यांखाली ठेवली. मनात म्हटलं, आता सुरक्षित आहे.

'कट' केलं होतं मी. 'कॉपी' नव्हे. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं, एवढंच. प्रत एकच होती, ती एकच राहिली.

२०१५मध्ये एका रात्री मी पलंगावर लॅपटॉप घेऊन ऐकत बसले होते. डिस्क उशीवर होती. वायर ओढली गेली आणि ती चालू असतानाच खाली पडली. दोन फुटांवरून, बास. हार्ड डिस्कचा तो हात तबकडीच्या इतका जवळून तरंगतो की मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असतं. चालू असताना धक्का बसला की तो तबकडीवर टेकतो आणि ओरखडा पडतो. आतून आवाज यायला लागला, टक, टक, टक. मी घाबरून काढली, पुन्हा लावली. पुन्हा काढली, दुसऱ्या कम्प्युटरला लावली. रात्रभरात दहा-बारा वेळा तरी. प्रत्येक वेळी आतला ओरखडा वाढत असणार, हे मला नंतर कळलं. पुण्यातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्यांकडे नेली. त्यांनी पंधरा दिवस प्रयत्न केले आणि शेवटी तबकडीचा फोटो दाखवला. त्यावर गोल चकचकीत रेघा उठल्या होत्या. आप्पा त्या रेघांत होते.

त्यानंतर तू मला तीनदा विचारलंस. एकदा छोटीच्या बारशाला. मी दर वेळी म्हटलं, आहेत गं, शोधून देते. तुला काय सांगू, तुझ्याही वाट्याचे आप्पा मी घालवले, हे तोंडून निघायचंच नाही. आज लिहिते आहे.

चौदा तासांतली अकरा मिनिटं उरलीत. ती का उरली ते बघ. तू सोलापूरला हॉस्टेलवर होतीस, तुझ्या वाढदिवसाला मी त्यातला एक तुकडा तुला मेल केला होता, आजीच्या ओव्यांचा. तेवढाच राहिला. जी प्रत मी माझ्या कपाटात जपून ठेवली ती गेली आणि जी दुसऱ्याला देऊन टाकली ती वाचली. तेव्हापासून डिस्क कुठली चांगली असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, दुसरी प्रत कुठं आहे?

म्हणून आता जे सांगते ते कंटाळा न करता वाच.

तुझ्या जुन्या कम्प्युटरवर तू छोटीचे फोटो सी ड्राइव्हवर ठेवलेस आणि 'बॅकअप' म्हणून डी ड्राइव्हवर. मागच्या दिवाळीत मी पाहिलं, बोलले नाही. आपल्याकडे कम्प्युटर जोडून देणारे एकाच डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून देतात आणि लोकांना ती तीन कपाटं वाटतात. एकाच कपाटाचे ते तीन खण आहेत. कपाट पडलं की तिन्ही पडले. विंडोज बिघडून फॉरमॅट मारावा लागला तर डी वाचतो, हे खरं. पण डिस्कच गेली तर काही वाचत नाही.

दुकानदार कदाचित म्हणेल, दोन डिस्क जोडून 'रेड' करून देतो. ही कल्पना बर्कलीच्या तिघा संशोधकांनी १९८८मध्ये मांडली आणि ती चांगली आहे, कार्यालयांना फार उपयोगी. दोन डिस्कवर तंतोतंत तेच लिहायचं, एक मेली तरी काम थांबत नाही. पण तू चुकून एक फोल्डर पुसलास तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जाईल. आणि 'रेड शून्य' म्हणाला तर हातच जोड. त्यात माहिती दोन डिस्कवर अर्धी अर्धी वाटलेली असते, दोघींतली कुठलीही एक गेली की सगळं गेलं.

जगभर छायाचित्रकार आणि कम्प्युटरवाले एक हिशेब सांगतात: तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर हा शब्द पुण्यामुंबईच्या माणसाला समजावून द्यावा लागतो, तुला नको. तू सांगलीच्या गावभागात राहतेस. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. दोन वर्षांनी जुलैत पुन्हा पाणी आलं. पहिल्या वेळी तुम्ही छोटीला आणि सासूबाईंना घेऊन मिरजेला निघालात, तेव्हा कागदपत्रांची पिशवी कुणाच्या हातात होती आणि कम्प्युटर कुठं होता, हे तूच मला रडत सांगितलं होतंस. घरात तीन प्रती असत्या तरी तिन्ही त्याच पाण्यात असत्या.

तर आपण असं करूया. कम्प्युटरला एक टीबीची एसएसडी, ती पहिली प्रत. मग दोन टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घे. हो, हार्ड डिस्कच. साठवणीला तीच परवडते, तेवढ्याच जागेच्या एसएसडीला कितीतरी जास्त पैसे पडतात, आणि माळ्यावरच्या पिंपाला शिडी लागली तर काय बिघडलं? दोन्ही एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या घेऊ नकोस. एकाच घाण्यातल्या असल्या तर दोघींत दोषही एकच निघू शकतो. त्यातली एक तुझ्याकडे, वरच्या मजल्यावर, देवघराच्या वरच्या फळीवर. दर रविवारी लावायची, नवीन ते उतरवायचं आणि लगेच काढून ठेवायची. दुसरी माझ्याकडे, पुण्यात. गणपतीला तू येतेस तेव्हा आणायची, माझ्याकडची घेऊन जायची. दिवाळीत मी येईन तेव्हा पुन्हा अदलाबदल. संक्रांतीला जमलं तर उत्तम. आणि मृग लागायच्या आत एकदा न चुकता, मग त्यासाठी मला यावं लागलं तरी मी येईन. एसटीनं पाच-सहा तास, त्यात काय.

'लगेच काढून ठेवायची' यावर मी जोर का देते, तेही ऐक. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा किडा दीडशेहून जास्त देशांतल्या कम्प्युटरांत शिरला आणि त्यानं फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असे प्रकार तेव्हापासून थांबलेले नाहीत. हा किडा कम्प्युटरला त्या वेळी जे जे जोडलेलं असेल त्या सगळ्याला कुलूप लावतो, बॅकअपच्या डिस्कलाही. फळीवर ठेवलेल्या डिस्कपर्यंत मात्र त्याचा हात पोचत नाही. जावईबापूंच्या दुकानाची टॅली त्याच कम्प्युटरवर आहे, जीएसटीची सगळी वर्षं आहेत. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव.

गूगल ड्राइव्ह आहेच की, असं तू म्हणशील. वापर, अवश्य वापर. फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत छोटीचे निवडक फोटो, आधार, पॅन, घराची कागदपत्रं एवढं ठेव. पण १ जून २०२१पासून फोटोही त्याच १५ जीबीत मोजतात, म्हणजे सगळं मावणार नाही. आणि कम्प्युटरशी जोडलेला ड्राइव्ह हा आरसा आहे. इकडे पुसलंस की तिकडे पुसलं जातं, कचराकुंडीत ३० दिवस राहतं आणि मग जातं. पुसलंय हे तुझ्या लक्षातच चाळीस दिवसांनी आलं तर?

पेन ड्राइव्हवर काही जपून ठेवू नकोस. तो निरोप्या आहे, इकडून तिकडे नेण्यापुरता. आणि जत्रेतल्या भावात 'दोन टीबी'चा पेन ड्राइव्ह कुणी दिला तर हात लावू नकोस. आत जागा थोडीशीच असते, पण तो कम्प्युटरला खोटं सांगतो. फायलींची नावं दिसत राहतात, आतलं सगळं गेलेलं असतं. 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो पूर्ण डिस्क भरून आणि परत वाचून खरं काय ते सांगतो. नवी डिस्क आणली की मी पहिला दिवस त्यालाच देते.

जुनी एसएसडी उरली तर तिलाही वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवू नकोस. तिच्या कप्प्यांतला तो भार वीज नसताना हळूहळू ओसरतो, उन्हाळ्यात जास्त लवकर. यासाठीचं मानक एवढंच मागतं की पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीनं ३० अंशांत, वीज न देता, एक वर्ष माहिती धरून ठेवावी. नवी असेल तर ती पुष्कळ जास्त टिकवते. पण सांगलीचा एप्रिल-मे तुला माहीत आहे. आणखी एक वाईट गोष्ट अशी की एसएसडी मरताना बोलत नाही. हार्ड डिस्क निदान टकटक करते, मंदावते. एसएसडी रात्री चालत असते, सकाळी नसते. आणि तिच्यावरून पुसलेलं परत मिळणं जवळपास अशक्य, कारण मोकळ्या झालेल्या जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

हार्ड डिस्क टकटकली तर काय करायचं ते आता तुला कळलंच आहे. बंद कर. पुन्हा लावून बघू नकोस. कुणी म्हणेल उघडून बघतो, कुणी म्हणेल फ्रीजमध्ये ठेव. कुणाला हात लावू देऊ नकोस. मला फोन कर.

लाइटचं काय केलंयस? तुमच्याकडे दिवसातून दोनदा जाते. लिहिता लिहिता वीज गेली तर साधी एसएसडी हातातलं काम अर्धवट टाकते, कधी कधी फायलींची यादीच बिघडते. एक लहान ६०० व्हीएचा यूपीएस घे. कम्प्युटर नीट बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळाली की पुरे. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावलेलं आहे का बघ. नाहीतर अदलाबदलीच्या त्या क्षणात कम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू होतो.

जुन्या कम्प्युटरमधली आठ वर्षांची हार्ड डिस्क फेकू नकोस, पण तिच्यावर विसंबूही नकोस. 'क्रिस्टल-डिस्क-इन्फो' नावाचा प्रोग्रॅम टाकून बघ. सेक्टर बदलल्याचा किंवा प्रलंबित सेक्टरांचा आकडा शून्याच्या वर असेल तर आधी सगळं उतरवून घे आणि मग तिला निवृत्त कर. आकडे शून्य असले तरी ती चौथी प्रत म्हणून, जादाची.

माझ्याकडे जी डिस्क येईल तिच्यात तुमच्या बँकेचं, आधारचं सगळं असणार. एसटीत पिशवी राहिली तर? तिला कुलूप लाव. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, होम असेल तर फुकटचं व्हेराक्रिप्ट. नव्या कम्प्युटरच्या विंडोजनं एसएसडीला आपणहून कुलूप लावलेलं असणंही शक्य आहे, ते सेटिंग्जमध्ये बघ. बिटलॉकरची ४८ आकड्यांची किल्ली असते. ती वहीत लिही, माझ्याही वहीत लिहून दे. मदरबोर्ड बदलला किंवा काही बिघडलं आणि विंडोजनं ती मागितली, आणि ती नसली, तर तुझ्याच डिस्कसमोर तू चोर ठरशील.

आणि महिन्यातून एकदा त्या फळीवरच्या डिस्कवरची एखादी फाइल उघडून बघ. नुसतं नाव दिसलं म्हणून पुढे जाऊ नकोस. फोटो उघड, व्हिडिओ दोन मिनिटं चालव. मी दोन वर्षं त्या डिस्कचं खोकं बघून समाधान मानत होते, आत कधी डोकावले नव्हते.

बाकी तुझं तू ठरवशील. हे वाचून रागावलीस तर रागाव, तुझा तो हक्क आहे. पण आज रात्री तुझ्या जुन्या मेलमध्ये शोध, तुझ्या वाढदिवसाची तारीख टाकून. अकरा मिनिटांची फाइल आहे. सुरुवातीला आप्पा खाकरतात, मग म्हणतात, "चालू झालं का गं?" माझ्याकडे तिच्या तीन प्रती आहेत, पण तुझ्याकडची आहे की मेलबरोबर पुसली गेली ते मला माहीत नाही, आणि विचारायचं धाडस आजवर झालं नव्हतं. नसेल तर सांग, लगेच पाठवते. नव्या कम्प्युटरवर विंडोज टाकून झालं की छोटीला शेजारी बसवून आधी ती ऐक.

दुकानदारानं लिहून दिलेल्या यादीचा फोटो काढून मला पाठव. मदरबोर्डचं नाव नीट वाचता येईल असा. उद्या दुपारपर्यंत पाठवलास तर संध्याकाळी दुकानात जाण्याआधी बघून सांगते.

तुझी,
ताई